एकाच सडाला परत परत दगडी येतेय, ट्यूबा बदलून थकलात तर आधी हे बघा

दगडी म्हणजे कासेचा दाह, मस्टायटिस. आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे का ते कळेल, कारण सगळ्या दगडी सारख्या नसतात. जनावर एकदम गळपटलंय, अंग तापलंय, चारा सोडलाय, सडातून पाण्यासारखं पिवळट काहीतरी येतंय, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन लावा. ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यात तासातासाला फरक पडतो.

आमचं तसं नव्हतं. आमची चांदी, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गाय, तिसऱ्या वेताची. ताप नाही, खाणंपिणं उत्तम, आंबोणाच्या पाटीत तोंड घातलं की पाटी चाटून पुसून स्वच्छ. फक्त उजव्या बाजूच्या मागच्या सडातून सकाळच्या पहिल्या दोन-तीन धारांमध्ये बारीक गुठळ्या. सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या की चार-पाच दिवसांत दूध एकदम चांगलं, आम्ही खूश, आणि वीस-बावीस दिवसांनी परत तेच. परत तोच सड. पाच महिन्यांत चार वेळा. दर वेळी वाटायचं की आता पावसामुळं झालं, आता खाली ओलं होतं म्हणून झालं, आता धार काढणारा नवीन आहे म्हणून झालं. चौथ्या वेळी मी सड रिकामा करून कास नीट दाबून बघितली तर आत सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. तेव्हा डोक्यात आलं की ही नवीन दगडी नाहीचे, जुनीच आहे, ती कधी गेलीच नव्हती.

आमचा गोठा शिळफाट्याजवळ, डायघरच्या बाजूला. १४ म्हशी आणि ६ गाई. म्हशींची धार हातानं, गाईंना बादलीवालं छोटं मशीन. दूध बरंचसं डोंबिवलीला घरोघरी जातं. हे सांगायचं कारण म्हणजे पहिली बोंब तिकडूनच आली होती, एका काकूंचा फोन आला की दोन दिवस झाले तुमच्या दुधाला दही लागत नाहीये, नुसतं चिकट पाणी होतंय, काय घालता काय दुधात? काही घालत नव्हतो, पण घातल्यासारखंच झालं होतं. ट्यूब चालू असताना बाकीच्या तीन सडांचं दूध फेकायचं नाही असं धार काढणाऱ्या मुलाला वाटलं, आणि मी पण नीट सांगितलं नव्हतं, चूक माझीच. अँटिबायोटिकचा अंश दुधात गेला की विरजणाचे जंतू मरतात, मग दही कसं लागणार. ट्यूब एका सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, आणि लेबलवर लिहिलेत तेवढे दिवस पूर्ण होईपर्यंत. काकूंना आठवडाभर म्हशीचं दूध फुकट दिलं तेव्हा कुठं त्या शांत झाल्या.

आता चार वेळा आम्ही काय काय केलं ते पटकन सांगते कारण तुम्ही पण हेच केलं असणार. ट्यूबची कंपनी बदलली. नंतर आतलं औषध बदललं. इंजेक्शनं झाली. कोरफड-हळद-चुन्याचा लेप पण लावला, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, हा एनडीडीबीवाले, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास बोर्डवाले, सांगतात तोच. लेपानं सूज उतरली, गाईला बरं वाटलं, मी त्याला नावं ठेवणार नाही, पण आतली गाठ होती तिथंच होती.

मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी ट्यूब थांबवा आणि बघा तरी आत आहे कोण. इथून खरं काम सुरू झालं.

पहिलं म्हणजे सीएमटी, कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट. चार खळगे असलेलं प्लास्टिकचं पॅडल असतं, प्रत्येक सडाचं थोडं थोडं दूध एकेका खळग्यात घ्यायचं, तेवढंच जांभळं औषध घालायचं आणि गोल गोल फिरवायचं. कॅलिफोर्नियात १९५७ साली निघालेली टेस्ट, आजपण चालते. दुधात पांढऱ्या पेशी जास्त असल्या की औषधानं त्या फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखं घट्ट होतं. साधारण एका मिलीत २ लाखांच्या वर पेशी गेल्या की तो सड आजारी धरतात, दूध डोळ्याला कितीही पांढरंशुभ्र दिसू दे. चांदीचा तो सड घट्ट झाला, त्यात नवल नव्हतं. पण सहाही गाईंची केली तर तांबू आणि गौरी, दोघींचा एकेक सड घट्ट! दोघींना एकही गुठळी नाही, सूज नाही, काही नाही. म्हणजे आम्ही एका गाईशी भांडत बसलो होतो आणि ते तिघींत पसरलं होतं.

दुसरं, कल्चर, म्हणजे दुधातले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कुठले आहेत ते बघायचं. इथं सॅम्पल घेण्यात लोक फार घाण करतात, मी पण पहिल्यांदा केली. हात धुवा, ग्लोव्ज घाला, पहिल्या धारा फेका, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं चांगलं घासून पुसा, कापूस काळा निघायचा बंद होईपर्यंत. पुसताना आधी लांबचे सड पुसायचे, मग जवळचे. सॅम्पल घेताना उलटं, आधी जवळचे मग लांबचे, नाहीतर पुसलेल्या सडाला तुमचीच बाही लागते. बाटली आडवी धरायची म्हणजे वरून केस आणि शेण पडत नाही. ५ ते १० मिली पुरतं. मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून दिवा स्टेशनवरून स्लो लोकल पकडली आणि परळला उतरून पशुवैद्यकीय कॉलेजात नेऊन दिलं. लेडीज डब्यात एक बाई म्हणाली, कोळंबी आहे का, कशी दिली?

पहिला रिपोर्ट आला, काही वाढलं नाही. मामा म्हणजे आमचे सासरे लगेच म्हणाले, बघ, गाय चांगली आहे. डॉक्टर हसले. म्हणाले, हा जंतू रोज दुधात येत नाही, अधूनमधून येतो, एका सॅम्पलवर विश्वास ठेवू नका. काही दिवसांच्या अंतरानं अजून दोन घेतली. दोन्हीत स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू, पुढं नुसतं स्टॅफ म्हणते.

आणि खरी गंमत त्याच रिपोर्टात पुढं होती. कुठलं औषध चालेल त्याचा जो तक्ता असतो त्यात, जी ट्यूब आम्ही दोन वेळा वापरली होती त्याच औषधासमोर लिहिलेलं, सेन्सिटिव्ह. म्हणजे लॅबमध्ये त्या औषधानं जंतू मरतोय आणि आमच्या गाईत नाही. मला वाटलं ट्यूबच डुप्लिकेट.

ट्यूब डुप्लिकेट नव्हती. ही गोष्ट मला माझ्या पुतणीनं समजावली, ती मायक्रोबायोलॉजी करतेय. लॅबमध्ये जे तपासतात ते मोकळे, सुटे, भराभर वाढणारे जंतू. गाईच्या कासेत ते तसे नसतात. आतल्या नळ्यांच्या भिंतीला ते चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर बनवतात, साखरेसारखा चिकट पदार्थ, प्रथिनं, मेलेल्यांचा डीएनए, सगळा लगदा. त्याला बायोफिल्म म्हणतात. मला तिनं जो दाखला दिला तो आमच्याच गोठ्यातला, म्हणाली काकी, हौदातलं पाणी तू रोज बदलतेस, भिंतीवरचं शेवाळ जातं का? ट्यूबचं औषध म्हणजे पाणी बदलणं. सुटे जंतू मरतात, दूध साफ दिसतं, भिंतीवरचे तसेच. औषध थरात नीट पोचत नाही हे एक, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, खालचे जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन जातीची औषधं जंतू आपली भिंत बांधत असताना मारतात, जो बांधकामच करत नाही त्याला ती काय करणार. मोकळ्या जंतूला जेवढं औषध लागतं त्याच्या दहापट ते हजारपट लागू शकतं म्हणे. वर हा जंतू गाईच्या पेशींच्या आत पण शिरून बसतो आणि गाईचं शरीर त्याच्याभोवती गाठ बांधतं, तीच माझी सुपारी. ट्यूब संपली, वीस दिवस गेले, वरच्या थरातून परत सुटे झाले, परत गुठळ्या.

आणि हे काही कुणी हवेत सांगत नाहीये. या जंतूला थर बांधायला मदत करणारं बॅप नावाचं एक प्रथिन स्पेनमधल्या लोकांनी २००१ साली पहिल्यांदा शोधलं, ते गाईच्या दगडीतून काढलेल्या स्टॅफमध्येच सापडलं होतं.

आता एन्झाइमचं. मी यात महिनाभर अडकले होते, त्यामुळं जरा सविस्तर सांगते, नाहीतर तुम्ही पण फसाल.

जंतूंना खाणारे विषाणू असतात, बॅक्टेरियोफाज, थोडक्यात फाज. १९१५ आणि १९१७ मध्ये दोन वेगवेगळ्या माणसांनी शोधले, त्याच्याही आधी १८९६ साली हँकिन नावाच्या इंग्रजानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं लिहून ठेवलं होतं. (हे ऐकून मामा म्हणाले, मग गंगाजलच सोड ना सडात. देवघरातला गडू मी लपवून ठेवला.) फाज जंतूच्या आत शिरतो, आपली पिल्लं तयार करतो, आणि बाहेर पडायला त्याला जंतूची भिंत फोडावी लागते. ती फोडायला तो जे एन्झाइम बनवतो ते एन्डोलायसिन. लोकांनी विचार केला की अख्खा फाज कशाला पाहिजे, नुसती ही छिन्नीच घेऊ आणि बाहेरून मारू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत फिशेटी यांच्या टीमनं २००१ मध्ये उंदरांच्या घशातल्या स्ट्रेप जंतूंवर ते करून दाखवलं. स्टॅफ, स्ट्रेप असल्या जंतूंची भिंत बाहेरून उघडी असते आणि आत दाब प्रचंड, स्टॅफमध्ये वीसेक वातावरणांचा, त्यामुळं भिंतीला एक चीर गेली की फुगलेल्या ट्यूबला खिळा लागल्यासारखं होतं. सेकंदा-मिनिटांचं काम. पुतणीनं व्हिडिओ दाखवला, गढूळ ताकासारखी टेस्ट ट्यूब, त्यात थेंबभर एन्झाइम, आणि माझा चहा संपेपर्यंत पाणी नितळ.

यातली आपल्या कामाची गोष्ट काय, तर हे एन्झाइम बांधून झालेली भिंत कापतं. जंतू जागा आहे का झोपलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून अँटिबायोटिक जिथं हरतं त्या थरातल्या झोपलेल्यांवर पण ते चालतं, लॅबमध्ये तरी. फाज के नावाच्या फाजचं लायसिन के म्हणून एन्झाइम आहे, आयर्लंडच्या लोकांनी त्याचा फक्त कापणारा तुकडा वेगळा काढला आणि त्यानं स्टॅफची बायोफिल्म उठते हे दाखवलं. आपल्याकडं बंगळुरूच्या गंगाजेन कंपनीनं पी१२८ म्हणून एक जोडप्रथिन बनवलं, फाज के च्या शेपटीतलं कापणारं पातं आणि लायसोस्टॅफिन नावाच्या दुसऱ्या एन्झाइमची चिकटणारी मूठ, दोन्ही जोडून. ते माणसांच्या स्टॅफसाठी होतं, गाईंसाठी नाही. अजून एक चांगलं म्हणजे हे एन्झाइम नेमकं मारतं, स्टॅफचं एन्झाइम विरजणाच्या जंतूला हात लावत नाही. डोंबिवलीच्या काकूंचं दही लागलं असतं.

मग मी विचारलं, अंड्याच्या पांढऱ्यात पण असलंच भिंत कापणारं एन्झाइम असतं ना, लायसोझाइम, ते चालणार नाही का? पुतणी म्हणाली, स्टॅफ ऑरियस आपल्या भिंतीत असा बदल करून ठेवतो की लायसोझाइमला तिथं दातच लावता येत नाही. अंड्याचं खूळ एका मिनिटात संपलं. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं असेल तर काढून टाका, सडात काहीही घरगुती सोडायचं नाही.

तर एवढं चांगलं आहे मग मिळत का नाही? मी डॉक्टरांच्या मागं लागले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, टेस्ट ट्यूबमध्ये काय होतं, आणि कासेत काय असतं? दूध. आणि दूध हीच अडचण आहे. कॅनडात अख्खा फाज के घेऊन दूध देणाऱ्या गाईंवर प्रयोग झाला, २००६ मध्ये छापून आला, लपलेली स्टॅफची दगडी असलेल्या १८ सडांत फाज सोडला त्यातले ३ बरे झाले, नुसतं सलाईन सोडलेल्या २० पैकी एकही नाही. ऐकायला बरं वाटतं पण आकडेशास्त्राच्या हिशोबानं तो फरक पक्का धरता येत नाही. कारण शोधलं तर कच्च्या दुधाच्या निवळीतली प्रथिनं जंतूच्या अंगाला चिकटून बसतात आणि फाजला धरायला जागाच मिळत नाही. एन्झाइम फाजपेक्षा फार लहान, त्याचं गणित थोडं वेगळं, पण त्याची पण दुधात ताकद कमी होते, स्निग्धांश, प्रथिनं सगळं मध्ये येतं. वर एका सडात लिटर-लिटर दूध, त्यात औषध पातळ होणार आणि संध्याकाळच्या धारेला निम्मं बादलीत येणार. पेशीच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत एवढं मोठं प्रथिन सहज जात पण नाही. ई. कोलाय, क्लेबसिएला असल्या जंतूंना तर बाहेरून अजून एक पडदा असतो, साधं एन्डोलायसिन तिथं थांबतंच. अमेरिकेत २००५ मध्ये तर लोकांनी थेट दुधातच लायसोस्टॅफिन तयार होईल अशा जर्सी गाई बनवल्या, त्यांना स्टॅफची दगडी खरंच कमी झाली, पण जनुक बदललेल्या गाईचं दूध कोण विकणार आणि कोण पिणार. माणसांत एक्सिबेकेस नावाचं स्टॅफचं लायसिन शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलं होतं, २०२२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, फायदा दिसत नव्हता. तेव्हा हे सोपं नाहीये, एवढं समजून घ्या.

म्हणजे आज मेडिकलवाल्याकडं जाऊन गाईच्या सडात सोडायची एन्डोलायसिनची ट्यूब मागितली तर मिळणार नाही. आणि मिळते असं कुणी सांगितलं तर सावध.

मला सांगितलं होतं. व्हॉट्सॲपवर ओळखीतून ओळखीतून एकाकडून 'बायोफिल्म तोडणारं फाज एन्झाइम' म्हणून पावडरच्या पुड्या मागवल्या, तीन पुड्या १८०० रुपये. पुडीवर लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, आतमध्ये किती काय आहे ते नाही, फ्रीजमध्ये ठेवा असं पण लिहिलेलं नाही, आणि शिळफाट्याच्या मे महिन्यात साधं प्रथिन दोन दिवस पाकिटात फिरलं तर त्याचं काय होत असेल. सोबत निरोप की उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून सडात सोडा. सिरिंज पण काढून ठेवली होती मी. नशीब डॉक्टर गौरीला बघायला आले होते. त्यांनी पुडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, स्टराईल आहे का हे? मी गप्प. म्हणाले, स्टॅफ मरेल न मरेल, पण यातून बुरशी किंवा यीस्ट आत गेलं तर त्यावर कुठलीच ट्यूब चालत नाही, सड तर जाईलच, गाय पण जाऊ शकते. १८०० रुपये गेले. पैसे मागितले तर समोरच्यानं ब्लॉक केलं.

आता जे खरं सापडलं ते. पुतणी रविवारी गोठ्यावर आली होती, तिला मशीन बघायचं होतं. मी एक कप काढून तिच्या हातात दिला. तिनं आतलं रबर, लायनर, काढलं आणि मोज्यासारखं उलटं केलं. मोबाईलचा टॉर्च मारला तर आत सगळ्या बारीक बारीक भेगा, उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या, आणि भेगांमध्ये पिवळट-राखाडी काहीतरी. तिनं नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, बुळबुळीत. वास आंबट, कुजक्या दह्याचा. माझ्या तोंडासमोर बोट धरून म्हणाली, काकी, ही बघ, तुझी बायोफिल्म. इथं काय दूध नाही आडवं यायला आणि कुठलं एन्झाइम पण नकोय, ब्रश घे.

मशीन आम्ही रोज धुवायचो. गार पाण्यानं. बोअरचं पाणी जड, दर वेळी थोडा दुधाचा खडा बसणार, त्यावर थर, थरावर परत खडा. रबराला साधारण २५०० धारा झाल्या की बदलायचं असतं. आम्ही मशीन घेतल्यापासून बदललंच नव्हतं. सहा गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला १२ धारा, चार कपांचा एकच क्लस्टर, हिशोब करा, सात महिन्यांत रबर संपलं. आमचं दोन वर्षांचं होतं. आणि पहिली गाय कोण? चांदी, कारण ती दाराजवळ बांधलेली. तिचे जंतू रबरात, रबरातून तांबूला, तांबूतून गौरीला, रोज दोन वेळा न चुकता. सड पुसायचं फडकं पण सगळ्यांना एकच, त्याचं तर काय सांगू.

तेव्हा तुमचं दुखणं परत परत येत असेल तर मी म्हणेन आधी रबर उलटं करा, सीएमटी नंतर. आम्ही सगळी लायनर आणि दुधाच्या नळ्या बदलल्या. धुताना पहिलं कोमट पाणी, गरम नाही, गरम मारलं तर दुधाची प्रथिनं शिजून चिकटतात. मग डेअरीचा अल्कली पावडरचा वॉश गरम पाण्यात, ६०-७० अंशांचं, हात घालवणार नाही एवढं, ब्रशनं, आणि आठवड्यातून दोनदा ॲसिड वॉश खड्यासाठी. अल्कली आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही. शेवटी उलटं टांगून कोरडं. ओलं ठेवलं की सगळी मेहनत फुकट.

धारेचा क्रम उलटा केला. पहिलारू आणि साफ गाई आधी, शंकेच्या नंतर, चांदी सगळ्यात शेवटी. दारातली जागा बदलली तर ती दोन दिवस हंबरत होती. प्रत्येक गाईला वेगळा कागद, ग्लोव्ज, आणि धार झाली की लगेच सड आयोडीनच्या कपात बुडवायचे, स्प्रे नाही, पूर्ण बुडवायचे. त्यानंतर अर्धा-पाऊण तास गाय बसू द्यायची नाही कारण सडाचं तोंड उघडं असतं. तिला उभं ठेवायचा एकच उपाय, पुढ्यात ताजा चारा टाकायचा. आम्ही मुरबाडचा हिरवा चारा मुद्दाम त्याच वेळेला टाकतो, आधी टाकायचो ते बंद.

राहिलं ते आधीच आत बसलेल्या जंतूंचं. दूध चालू असताना स्टॅफ काढणं फार अवघड आणि जेवढं जुनं तेवढं जास्त अवघड, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आटवताना संधी असते, कारण तेव्हा औषध धारेबरोबर बाहेर जात नाही, आठवडे आत राहतं. गौरी सातव्या महिन्याची गाभण होती, तिला वेळेवर आटवलं, शेवटच्या धारेनंतर चारही सडांत भाकड काळाची ट्यूब आणि वरून सडाचं तोंड आतून बंद करणारं सीलंट. ट्यूबची नळी पूर्ण आत ढकलायची नाही, टोक फक्त तीनेक मिलिमीटर. पूर्ण ढकललं की सडाच्या तोंडाचं संरक्षक अस्तर खरवडतं आणि बाहेरची घाण आत जाते. कुठली ट्यूब ते मी इथं लिहिणार नाही, तुमचा रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गौरी व्यायल्यावर दोन सॅम्पल घेतली, दोन्ही साफ. तांबू अजून आटायची आहे.

चांदीचं मात्र जमलं नाही. गाठ जुनी झाली होती. बाहेरच्या देशातलं काहीही वाचा, अशा गाईला कळपातून काढा असं एका ओळीत लिहिलेलं असतं. आपल्याकडं काढायची म्हणजे कुठं? गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं आहेच, २०१५ पासून कायदा अजून कडक झाला, आणि दुसऱ्या गोठ्याला विकायची म्हणजे आपला आजार विकायचा. एक दलाल आला पण होता, म्हणाला सांगायचं कशाला, दूध तर चांगलं देते. मामांनी त्याला चहा पण विचारला नाही. मग डॉक्टरांच्या हातानं तिचा तो एक सड कायमचा आटवला. आता ती तीन सडांवर आहे, दिवसाला दोनेक लिटर कमी, पण गुठळी नाही. तिच्या धारेनंतर क्लस्टर वेगळा धुतला जातो आणि तिच्या वेळी चौथा कप बूच लावून बंद असतो, तो नुसता लोंबकळत ठेवू नका, हवा ओढतो आणि बाकीच्या सडांवर दाब नीट बसत नाही.

रबर बदलल्याची तारीख मी मीटरबोर्डच्या शेजारी भिंतीवर मार्करनं लिहिलीय, त्याच्याखाली सीएमटीची, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारची. गेल्या वेळी सहा गाईंचे २३ सड झाले, एक खळगा घट्ट, तांबूचा, तो माहितीच होता. म्हशींचं अजून एकदाही केलं नाहीये. १४ म्हशी म्हणजे ५६ सड आणि त्यातली जाफराबादी अनोळखी माणसाला मागं उभं राहू देत नाही, तेव्हा पुतणीची परीक्षा संपली की मग बघू.